रिकंबंटला सस्पेन्शन हवंच!

गाड्यांची चाचणी म्हणजे काय, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको. डीआरडीओची व्हीआरडीई इथेच आहे, आणि लष्कराच्या गाड्या तिथे कसाला लागतात. सायकल बिचारी मोटार वाहन नियमांच्या बाहेर, त्यामुळे तिची चाचणी आपणच घ्यायची.

हे आठवायचं कारण म्हणजे रिकंबंट, रेलून चालवायची सायकल. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोरने हिच्यावर तासात ४५ किमीचा विक्रम केला आणि १९३४ मध्ये यूसीआयने तिला शर्यतीतून चक्क बाद केलं. आज आयटीतली पाठदुखीवाली मंडळी हिच्याकडे वळतात. पण माझं स्पष्ट मत आहे : आपल्याकडे बिनसस्पेन्शनची रिकंबंट घेणं म्हणजे पाठीशी वैर.

का? साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण सीटवरून उठतो, गुडघे स्प्रिंगचं काम करतात. रिकंबंटवर उठणार कसं? धक्का थेट पाठीत. त्यात पुढचं चाक बऱ्याचदा २० इंची, म्हणजे खड्ड्यात जास्तच खोल जाणार.

आता थोडं गणित (घाबरू नका!). बसलेल्या माणसाचा कणा साधारण ४ ते ८ हर्ट्झला सर्वात जास्त थरथरतो. तुम्ही बसल्यावर स्प्रिंग २५ मिमी दबली, तर सायकलची स्वतःची कंपनं सव्वातीन हर्ट्झच्या आसपास. धक्का कमी व्हायला लागतो त्याच्या १.४ पटीच्या पुढे, म्हणजे साडेचारनंतर. ४० मिमी दबली तर साडेतीनपासूनच. म्हणजे स्प्रिंग मऊ हवी. पण फार मऊ केली की पॅडलगणिक सायकल डुलते आणि ताकद वाया जाते. त्यावर उपाय म्हणजे चेनची ताणलेली बाजू मागच्या स्विंगआर्मच्या पिव्हटजवळून नेणं. खरं डिझाइन इथे आहे, नुसता शॉक बसवण्यात नाही.

चाचणीही सोपी आहे. शॉकच्या दांड्यावर रबरी रिंग चढवा. ती कुठवर सरकली ते पट्टीने मोजा. मोबाइल सीटला घट्ट बांधून अ‍ॅक्सेलरोमीटरचे आकडे घ्या. रस्ता, वेग, टायरमधली हवा तीच ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आपण कोडमध्ये तेच करतो ना?

रस्ता मात्र आपलाच निवडा. आयआरसीच्या नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. गावाच्या वेशीवरचा कसा असतो, ते तुमच्या पाठीला विचारा. युरोपच्या गुळगुळीत रस्त्यावर पास झालेलं डिझाइन म्हणजे 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणणारा डेव्हलपर. प्रॉडक्शन सर्व्हर इथे आहे, राव!