परदेशी नेमणूक : तयारी एकट्याची की संस्थेची?

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस असलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. अशा गावात राहून धुळ्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकाला परदेशी विद्यापीठाचे वर्षभराचे निमंत्रण आले, तर गावात त्याचे कौतुक होते. मात्र, निमंत्रण हाती पडल्यापासून विमानात बसेपर्यंतचा प्रवास हा मुख्यतः कचेऱ्यांचा प्रवास असतो. महाविद्यालय धुळ्यात, विद्यापीठ आणि उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालय जळगावात, तर परदेशी वकिलात मुंबईत. ही सारी धावपळ त्या अध्यापकाच्या चिकाटीवर सोडून दिली जाते आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

परदेशी अध्यापन खानदेशाला नवे नाही. यावल तालुक्यातील सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी धुळ्यात अध्यापन केले, तसेच लंडनच्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’मध्येही ते शिकवीत होते. पुणे विद्यापीठावर अवलंबून असलेल्या या भागाला १५ ऑगस्ट १९९० रोजी स्वतःचे विद्यापीठ मिळाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ जवळ आले, तरी नियमांचे जंजाळ कमी झाले नाही.

पहिला प्रश्न रजेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षे सेवा झालेल्यांना सबॅटिकल रजा मिळू शकते. ती एका वेळी कमाल एक वर्ष आणि संपूर्ण सेवेत दोन वर्षे असते. या काळात अन्यत्र नियमित नोकरी पत्करता येत नाही, परंतु शिष्यवृत्ती किंवा मानधनावरील तात्पुरते अध्यापन चालते. म्हणजे निमंत्रणपत्रात ‘नियुक्ती’ म्हटले आहे की ‘अभ्यागत’, यावरही रजेचे भवितव्य ठरू शकते. अभ्यास रजा घेतल्यास परतल्यावर किमान तीन वर्षे सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते. बिनपगारी रजेचा मार्ग पत्करला, तर १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची निवृत्तिवेतनाची मासिक वर्गणीही थांबते.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. अमेरिकेचेच उदाहरण घेतल्यास, अभ्यागत विद्वानांना ‘जे-१’ व्हिसा मिळतो. त्यात सहा महिन्यांपर्यंतचा ‘अल्पकालीन विद्वान’ आणि पाच वर्षांपर्यंतचा ‘संशोधन विद्वान’ हे वेगळे प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकारात गेलेल्याला कार्यक्रम संपल्यावर २४ महिने त्याच प्रकारात परत जाता येत नाही, मग वास्तव्य तीन आठवड्यांचे का असेना! मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट कौशल्य-यादीमुळे अनेक भारतीयांना लागू होत असे. ९ डिसेंबर २०२४ रोजी त्या यादीतून भारत वगळला गेला. तरीही फुलब्राइटसारख्या सरकारी निधीवर जाणाऱ्यांसाठी ही अट कायम आहे. प्रत्येक आजारामागे किमान एक लाख डॉलरचे विमासंरक्षणही बंधनकारक आहे. विमा आपल्या खिशातून घ्यायचा की यजमान विद्यापीठ देणार, हे निघण्यापूर्वीच विचारून घेतलेले बरे.

तिसरा प्रश्न पैशाचा. आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवस किंवा त्याहून अधिक भरले, तर करदाता ‘निवासी’ ठरतो आणि परदेशी उत्पन्नही येथे दाखवावे लागते. त्यामुळे ऑगस्टमध्ये निघणे आणि डिसेंबरमध्ये निघणे, यात कराच्या दृष्टीने मोठा फरक पडू शकतो. भारत-अमेरिका करारात अध्यापन-संशोधनासाठी दोन वर्षांपर्यंत राहणाऱ्यांना तेथील करातून सवलत आहे, पण ती मागावी लागते.

हे सारे एकट्या अध्यापकाने शोधून काढायचे, अशी आजची रीत आहे. मोठ्या शहरांतील संस्थांत माहीतगार सहकारी शेजारच्या खोलीत असतो. ग्रामीण महाविद्यालयात तो नसतो. शिवाय जागा रिक्त, वर्ग तासिका तत्त्वावर चाललेले. अशा स्थितीत आणखी एक अध्यापक सोडण्यास प्राचार्य कचरले, तर त्यांना दोष देता येत नाही. नुकसान मात्र विद्यार्थ्यांचे होते. कारण परतलेला अध्यापक नवा विषय, नवी पद्धत आणि नव्या ओळखी बरोबर आणतो.

आयोगाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालय सुरू करण्यास सांगितले. परदेशी विद्यार्थ्यांचे स्वागत करणे एवढेच या कार्यालयाचे काम मानले, तर तो हेतूच फसेल. रजेच्या प्रकारांचा तक्ता, ना हरकत प्रमाणपत्राची ठरलेली मुदत, बंधपत्राचा नमुना आणि बदली अध्यापकाची आगाऊ सोय, या चार गोष्टी तेथे तयार मिळाल्या पाहिजेत. युरोपीय महासंघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत तर अध्यापकांबरोबर प्रशासकीय कर्मचाऱ्यांनाही दोन महिन्यांपर्यंत जाता येते. त्यासाठी दोन विद्यापीठांत आधी करार असावा लागतो, आणि तो कोणत्याही कर्मचाऱ्याला स्वतःच्या बळावर करता येत नाही. सोनगीरच्या अध्यापकाने विषयाची तयारी करावी; कागदांची तयारी ही विद्यापीठाची जबाबदारी मानली गेली पाहिजे.