वर्गातलं बोलणं ही चैन नव्हे

“चर्चा करत बसलो तर पोर्शन कधी संपवायचा?” महाराष्ट्रातल्या शिक्षकखोल्यांमध्ये हा प्रश्न रोज ऐकू येतो आणि तो विचारणारे बहुतेक जण कामचुकार नसतात. मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी, पोर्टलवर भरायची माहिती, स्पर्धा, जयंत्या यांतून जे तास हाती राहतात त्यांत पुस्तक पुरं करायचं असतं. जूनमध्ये ऐसपैस वाटणारं वर्ष दिवाळीनंतर अंगावर येतं. त्यामुळे हा आक्षेप हसून उडवून लावण्यासारखा नाही. तरीही तो चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. पोर्शन संपला याचा अर्थ शिक्षकाचं सांगून झालं, एवढाच होतो. त्यातलं काय मुलांपर्यंत पोचलं आणि कोणत्या रूपात पोचलं, हे त्यांच्याशी नीट बोलल्याशिवाय कुणालाच कळत नाही. खुद्द मुलांनाही कळत नाही.

सहावीच्या वर्गात फळ्यावर ०.३५ आणि ०.८ लिहून मोठी संख्या कोणती ते विचारून पाहावं. बरीच मुलं ०.३५ म्हणतात. पस्तीस आठापेक्षा मोठे, हा त्यांचा हिशेब. काही मुलं ०.८ म्हणतात. शिक्षक “शाबास” म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळला, तर तास उत्तम झाला असंच सगळे म्हणतील. पण बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला नुसतं “कशावरून?” एवढं विचारावं. “सर, पॉइंटच्या पुढे जितके जास्त आकडे तितकी संख्या लहान,” असं ती सांगण्याची शक्यता बरीच असते. शतांश दशांशापेक्षा लहान असतो, हे तिने मन लावून ऐकलेलं असतं आणि त्यावरून स्वतःचा एक नियम बांधलेला असतो. आता तिलाच ०.३५ आणि ०.२ द्या. ती बेधडक ०.२ मोठी म्हणेल. म्हणजे मघाचं उत्तर बरोबर होतं आणि त्यामागची समज चुकीची होती. घटक चाचणीत या प्रश्नाचे पूर्ण गुण तिला मिळाले असते, आणि तो नियम तिने सातवीत, आठवीत, शेकडेवारीपर्यंत सोबत नेला असता.

“तुझा नियम चुकला” असं सांगितलं तर ती ते वहीत उतरवून घेईल आणि परीक्षेनंतर विसरेल. त्याऐवजी तिच्या हातात वर्गातली मीटरपट्टी द्यावी आणि ०.२ मीटर कुठे, ०.३५ मीटर कुठे, ते बोटाने दाखवायला सांगावं. एक बोट वीस सेंटिमीटरवर, दुसरं पस्तीसवर. शेजारचा मुलगा विचारतो, “मग तुझा नियम?” ती गप्प होते, पट्टीकडे पुन्हा पाहते, आणि दोन दशांश म्हणजे वीस शतांश हे स्वतःच्या तोंडाने म्हणते. या सगळ्याला सात-आठ मिनिटं लागतात. पोर्शनचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही मिनिटं खर्चात धरली, पण पुढच्या तीन वर्षांत त्याच चुकीवर जाणारे तास त्यांनी कधीच मोजले नाहीत.

आमच्या वर्गात प्रश्नोत्तरं भरपूर होतात, असं यावर सांगितलं जातं. होतात, पण कशी? “पाणी तापवलं की त्याची काय होते? वा…” आणि साठ गळ्यांतून “…फ!” मग “समजलं का?” आणि पुन्हा साठ गळ्यांतून “होऽऽ!” बाहेरून ऐकणाऱ्याला वर्ग जिवंत वाटतो. पण त्या ‘हो’मध्ये न समजलेल्याचा आवाज बेमालूम मिसळून जातो, आणि ज्याला समजलेलं नाही त्याला लपायला यापेक्षा चांगली जागा नाही. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासून सत्तरच्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. मग दुसऱ्याला उठवतात, नाहीतर उत्तर स्वतःच देतात. ती वाट पाहणं तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, “येत नाही” म्हणणं कमी झालं, मागे राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलांकडून प्रश्न येऊ लागले. यासाठी डिजिटल फळा लागत नाही, जादा अनुदान लागत नाही. वर्गातली शांतता दोन सेकंद सोसण्याचं धैर्य तेवढं लागतं, आणि बावीस वर्षांच्या नव्या शिक्षकाला ते फार जड जातं हे मला ठाऊक आहे. शांत वर्ग म्हणजे शिक्षक अडला, अशी धास्ती त्याला प्रशिक्षणातच बसलेली असते.

याहून भक्कम आक्षेप अभ्यासकांकडून येतो. नवख्या विद्यार्थ्याला विषयाचं काहीच माहीत नसताना तो बोलणार काय? २००६ साली पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी एका गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला. माणसाची कार्यरत स्मृती तोकडी असते. पुरेशा मार्गदर्शनाविना मुलांना शोध घ्यायला सोडलं, तर ती भरकटतात आणि थकतात. हे मला पूर्ण पटतं. दशांश चिन्ह माणसाने शतकानुशतकांच्या खटपटीतून घडवलं. ते मुलाने चाळीस मिनिटांच्या तासात स्वतःहून शोधावं, ही अपेक्षा क्रूर आहे. सांगायचं ते सांगितलंच पाहिजे, स्पष्ट, क्रमाने, उदाहरणांसह. पण या निबंधाचा रोख अपुऱ्या मार्गदर्शनावर आहे. मघाच्या मीटरपट्टीच्या प्रसंगात शिक्षकाने किती मार्गदर्शन केलं ते पाहा. ०.३५ सोबत ०.८ ठेवायचं, मग ०.२ ठेवायचं, मग पट्टी द्यायची, हा क्रम कुठल्याही व्याख्यानापेक्षा काटेकोर आहे. कोणत्या चुका होतात याचं ज्ञान नसलेल्या शिक्षकाला तो सुचणारच नाही. विचारपूर्वक संवादासाठी विषयाची जाण जास्त लागते, कमी नव्हे. इंग्लंडमध्ये रॉबिन अलेक्झांडर यांच्या संवादी अध्यापनाची मोठी चाचणी घेतली गेली. तिचे निष्कर्ष २०१७ साली आले, तेव्हा दहा वर्षांच्या आसपासची ती मुलं इंग्रजी आणि विज्ञानात इतरांपेक्षा सुमारे दोन महिन्यांनी पुढे असल्याचं आढळलं. हा चमत्कार नव्हे, पण “वेळ वाया जातो” या तक्रारीला एवढं उत्तर पुरे.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांशी मात्र मला जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे विद्या गुरुमुखातून घ्यायची, शिष्याने ऐकायचं, घोकायचं, प्रश्न करायचे नाहीत, असं मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. मग कठोपनिषदातला नचिकेत कोण होता? मृत्यूनंतर काय, हा प्रश्न सोडून दुसरं काहीही माग असं यम त्याला विनवतो, धन, राज्य, दीर्घायुष्य पुढे करतो, आणि तो मुलगा आपला प्रश्न सोडत नाही. बृहदारण्यकातली गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक विचारत जाते. अति विचारशील तर डोकं गळून पडेल, असं तो तिला बजावतो. ती थांबते, आणि त्याच सभेत नंतर पुन्हा उभी राहून आणखी दोन प्रश्न विचारते. गार्गीला गप्प करण्याचा प्रयत्न आणि तिचं पुन्हा उभं राहणं, दोन्ही त्या ग्रंथाने जपलं आहे. परंपरेतून निवडायचंच असेल तर पहिलं का निवडता?

मराठीत तर गद्याचा आरंभकाळच संवादाने भरलेला आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, ते ‘लीळाचरित्र’ म्हणजे माणसांनी विचारलेल्या आणि चक्रधरांनी साध्या बोलीत उलगडलेल्या असंख्य गोष्टी. त्यांत विचारणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांची नावं आहेत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली. त्यांना सरळ निबंध लिहिता आला असता. त्यांनी जोतीराव आणि धोंडीबा यांचं बोलणं लिहिलं. धोंडीबा शंका काढतो, पुरावा मागतो, मध्येच अडवतो. ज्या वाचकांच्या बापजाद्यांना शिक्षणाचा आणि प्रश्न करण्याचाही अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्यासाठी हे पुस्तक होतं. शंका कशी काढावी हे त्या वाचकाला धोंडीबाच्या तोंडून शिकता यावं, हाच या रचनेतला फुल्यांचा विचार असला पाहिजे, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. ऐकण्याची सक्ती ही परंपरा खरीच, पण ज्यांना बाकीच्यांनी न शिकलेलं बरं वाटत होतं त्यांची.

आता साठ मुलांच्या वर्गाचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस आणि उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. माध्यमिकच्या तुडुंब वर्गांत ही गणितं लागू नाहीत. साठ जणांशी एकेकट्याने बोलणं अशक्य आहे, हे मान्य. पण साठ जणांना एकमेकांशी बोलायला लावणं अशक्य नाही. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर भरगच्च सभागृहात उत्तम व्याख्यानं देत आणि विद्यार्थी त्यांना उत्तम गुणही देत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्गाला अगदी साध्या संकल्पनांची चाचणी दिली. जड ट्रक आणि हलकी मोटार एकमेकांवर आदळली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा धर्तीचे प्रश्न. दोन्ही बलं सारखीच असतात, हे न्यूटनचा तिसरा नियम पाठ असलेल्या कितीतरी जणांना सांगता येईना. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, की तुम्ही शिकवलं तसं उत्तर लिहू, की मला खरोखर वाटतं तसं? तेव्हापासून माझूर थोडं सांगतात, एक नेमका प्रश्न टाकतात, प्रत्येकाकडून उत्तर घेतात, मग शेजारच्याला पटवून द्यायला सांगतात आणि पुन्हा उत्तर घेतात. या पद्धतीचा दहा वर्षांचा अनुभव त्यांनी आणि कॅथरीन क्राउच यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. पहिल्याच वर्षी संकल्पना समजण्यातली वाढ आधीच्या जवळपास दुप्पट झाली होती. आपल्याकडे बाक आहेत, बाकावर शेजारी आहे. दोन मिनिटं त्याच्याशी बोलू द्यायला काय हरकत आहे?

एक अट मात्र टळत नाही: मुलाला ज्या भाषेत विचार करता येतो तीच वर्गात चालली पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये राहिल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर, अंगणात, गुरं चरतात त्या कुरणातही गेली पाहिजे, इथपर्यंत त्या गेल्या. मूल जिथे मोकळं असतं तिथेच ते बोलतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आज मराठी घरांतली हजारो मुलं इंग्रजी माध्यमात दिवसभर गप्प बसतात. त्यांना “मे आय गो टु टॉयलेट” एवढं येतं, आणि “हे असं का होतं?” हे विचारण्याइतकं इंग्रजी येत नाही. पालकांना त्या मुलाचं गप्प बसणं शिस्त वाटतं. मला ती त्या मुलाची फसवणूक वाटते आणि ती सांगताना मी भीड ठेवणार नाही.

संवादाचे उत्साही कैवारीही याच विषयाचं नुकसान करतात. “मुलांना बोलू द्या, चूक-बरोबर काही नसतं,” असं कार्यशाळांतून सांगितलं जातं. दशांशात चूक-बरोबर असतं. इतिहासात पुरावा असतो. मुलाचं मत ऐकून “छान” म्हणायचं आणि त्याला पुढचा प्रश्न विचारायचा नाही, हा त्या मुलाचा अपमान आहे. त्याच्या म्हणण्याला उलट प्रश्न करण्याइतकं महत्त्व आपण दिलं नाही, असा त्याचा अर्थ होतो.

हे सगळं शिक्षकाने करावं असं वाटत असेल, तर शिक्षकाशीही कुणीतरी असं बोललं पाहिजे. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत तो दिवसभर खाली बसून स्लाइड पाहतो, सही करतो, चहा घेतो आणि घरी जातो. त्या परिषदेचा एक तास तरी एका मुलीच्या एका चुकीच्या उत्तरासाठी द्यावा. कुणीतरी वही आणावी, ती मुलगी असं का म्हणाली असेल यावर सगळ्यांनी डोकं लावावं, पुढचा प्रश्न कोणता टाकायचा ते ठरवावं आणि पुढच्या महिन्यात काय झालं ते सांगावं. मुलाला निर्भय करून मत मोकळेपणाने मांडायला मदत करणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातच लिहिलेलं आहे, त्यासाठी नवीन शासन निर्णय लागत नाही. आणि पाठनिरीक्षणाला येणाऱ्या अधिकाऱ्याने फळा, फलकलेखन, शैक्षणिक साधनं यांच्या रकान्यांसोबत आणखी एक नोंद करावी: या तासात मुलांनी स्वतःहून कोणते प्रश्न विचारले, ते त्यांच्याच शब्दांत.