अहवाल जगाचा, साक्ष कुणाची?

जागतिक पर्यावरण अहवालाचा विषय काढला की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, ‘ते शास्त्रज्ञांचं काम, आपलं नव्हे.’ हा समज आपल्याला महागात पडतो आहे.

जागतिक धरण आयोग घ्या. १९९८ ते २००० या काळात कादर अस्माल यांच्या अध्यक्षतेखाली बारा सदस्यांनी हे काम केले. वीजयंत्रे बनवणाऱ्या बड्या कंपनीचे प्रमुख आणि मेधा पाटकर एकाच आयोगात बसले. देशोदेशींहून शेकडो निवेदने आली. भोपाळला ठरलेली सुनावणी भारत सरकारने होऊ दिली नाही; ती कोलंबोत घ्यावी लागली. धरणांनी जगभरात ४ ते ८ कोटी लोक उठवले, हे या अहवालाने मांडले. मेधाताईंनी सही केली, पण आपले वेगळे मतही अहवालातच छापून घेतले.

हवामान बदलाचे अहवाल आयपीसीसी काढते. तिचे लेखक या कामासाठी नवे संशोधन करत नाहीत. प्रसिद्ध झालेले लिखाण तपासतात, तोलतात. मसुद्यावर जगभरातून हरकती मागवतात. सहाव्या अहवालाच्या पहिल्या भागाला २३४ लेखक होते आणि ७८ हजारांवर हरकती आल्या. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे लागते. शेवटी धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळीओळीने मंजूर करतात. तिथे राजकारण असतेच. पण मुद्दा त्याआधीचा आहे: जे कुठे लिहिलेच गेले नाही, ते लेखक तोलणार कसे?

आयपीसीसी स्थापन झाली १९८८ साली. त्याच वर्षी २२ एप्रिलला आपल्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी केली. सातबारा असलेल्याची जमीन मोजता येते. ढिवराची मासेमारी आणि भूमिहीन बौद्ध मजुराची रोजी कोणत्या उताऱ्यावर मोजणार? ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला महापूर आला. कोणत्या वस्तीत किती दिवस पाणी राहिले, कुणाच्या घराचा पंचनामा झाला, याची जातनिहाय नोंद आपण केली का?

कुणी म्हणेल, भारत सरकारने धरण आयोगाचा अहवाल नाकारला. मग उपयोग काय? बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. १९२८ मध्ये काँग्रेसने सायमन कमिशनवर बहिष्कार घातला असतानाही बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले, साक्ष दिली. मागितलेले सगळे मिळाले नाही. पण अस्पृश्यांचे म्हणणे अस्पृश्यांच्याच तोंडून सरकारी दप्तरात गेले. आपल्या वतीने दुसऱ्याने बोलावे, हे त्यांनी मान्य केले नाही.

म्हणून एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालेल्या मित्र-मैत्रिणींनो, जयंतीच्या वर्गणीची वही आपण चोख ठेवतो, तशीच पुनर्वसन वसाहतींची वही ठेवा. घर, जात, जमीन, रोजी, पाणी, सगळे लिहा. संशोधन नियतकालिकांत छापा, इंग्रजीत आणा आणि मसुदा हरकतींसाठी खुला झाला की पाठवा. नाहीतर आपल्या बुडालेल्या गावांचा हिशेब दुसरेच लिहितील, त्यांना दिसेल तेवढाच.

जयभीम!