तांदळाएवढी चिप आणि कोरा फॉर्म

सुरुवातीलाच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्लिश विभागाला द्यावासा वाटला नाही, कारण यातली सगळी भांडणं मराठीतच झालीत!

गेल्या दिवाळीत मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडवर मला एक लॅब्राडॉर सापडला. फटाक्यांना घाबरून पळालेला असणार. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर ना नाव ना नंबर. त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर फिरवले. कुणी आलं नाही. मग माझ्यातली ईएनटीसी जागी झाली. म्हटलं, एवढा जातिवंत कुत्रा, चिप असणारच!

बऱ्याच जणांना वाटतं (मलाही सेकंड इयरपर्यंत वाटायचं) की चिप म्हणजे जीपीएस, मोबाईलवर कुत्रा फिरताना दिसेल. तसं काही नसतं. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, सुईनं कातडीखाली सोडतात. आत बॅटरी नाही. रीडर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि पंधरा आकडी नंबर सांगते. बस्स. मालकाचं नाव, पत्ता त्यात काही नसतं.

पहिल्या डॉक्टरांकडे रीडर नव्हता. दुसरे म्हणाले, "अगं, इथं कोण चिप बसवतंय? मशीन घेऊन करू काय?" सीनियरच्या प्रोजेक्टमधला आरएफआयडी रीडर आणला. तो १३.५६ मेगाहर्ट्झचा, कुत्र्याची चिप १३४.२ किलोहर्ट्झची. एक बीपसुद्धा नाही! शेवटी बाबांनी गाडी काढली आणि आम्ही कोल्हापूरला गेलो. तिथं एका डॉक्टरांनी मानेवरून रीडर फिरवला आणि स्क्रीनवर नंबर आला. मी तर ओरडलेच.

आनंद तेवढाच. सुरुवातीचे तीन आकडे देशाचे नव्हते, चिप बनवणाऱ्या कंपनीचे होते. कंपनीला फोन केला. उत्तर आलं, नंबर आमचाच, पण मालकाची माहिती भरलेली नाही. म्हणजे कुणीतरी पैसे मोजले, कुत्र्याला सुई टोचून घेतली आणि फॉर्म कोराच ठेवला.

आजी एवढंच म्हणाली, "त्यापरीस गळ्यात चिठ्ठी बांधली असती तर घरी गेलं असतं की लेकरू."

माझ्या काकांच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे. बारा आकडी नंबर. दिसायला अगदी साधं प्लास्टिक, आमच्या चिपपुढे तंत्रज्ञान म्हणून शून्य. पण जनावरांचे डॉक्टर आले की तो नंबर टाकतात आणि गाय कुणाची, लस कधी दिली, सगळं निघतं, कारण देशभराच्या नोंदी एकाच ठिकाणी आहेत. १ जून २०२४ पासून तर आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. गाय विकल्यावर नाव बदलायचं राहून जातं, हेही खरं. काका स्वतः त्यातलेच! तरी विचारायला एक जागा आहे. कुत्र्यांसाठी आपल्याकडे अशी देशभराची एक वही नाही. ज्या कंपनीची चिप, तिची यादी वेगळी.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची आहे. पण तिथं नुसती चिप टोचून सुटका होत नाही. मालकाची माहिती नोंदवलेली आणि ताजी हवी, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड. मला हा भाग जास्त शहाणपणाचा वाटतो.

आणि लांब कशाला जायचं? आमच्या मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना आहे, नळाला मीटर आहेत. मीटरचा नंबर बाबांच्या नावावर लिहिलेला आहे, म्हणून बिल शेजाऱ्यांकडे न जाता बरोबर आमच्याच घरी येतं (दुर्दैवाने!). मग पालिकेने पाळीव कुत्र्यांची एक नोंदवही ठेवायला काय हरकत आहे? घरपट्टीबरोबर दरवर्षी एकदा फोन नंबर तपासायचा आणि एक रीडर विकत घेऊन सरकारी दवाखान्यात ठेवायचा. एवढं झालं तरच चिपला अर्थ आहे. ते होईपर्यंत कुणी मला विचारलं तर मी सांगेन, आधी पट्ट्यावर नंबर लिही. आपण दरवर्षी आरएफआयडी अटेंडन्सचे प्रोजेक्ट करतो, नंबर वाचला की टाळ्या घेतो. यादी कोण भरणार, हे व्हायव्हात कुणी विचारत नाही.

लॅब्राडॉर अजून आमच्याकडेच आहे. पट्ट्यावर मी मार्करने माझा मोबाईल नंबर लिहिलाय. तो पुसट होतो, मी परत गिरवते. त्याच्या घरी कुणीतरी अजून वाट बघत असेल, असं रात्री फार वाटतं. कंपनीला तिसरा ई-मेल गेल्या सोमवारी पाठवला.