चावी मिळाली म्हणून गाव मिळत नाही

पोर्तुगालच्या खेड्यात जुनं दगडी घर घ्यावं का, असं गोव्यातले ओळखीचे लोक हल्ली मला वरचेवर विचारतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तिथलं नागरिकत्व मिळवता येतं, त्यामुळे अनेकांचे कागद तयारच असतात. आम्ही राहतो इंग्लंडात, स्विंडनला. मध्य पोर्तुगालच्या डोंगरात सात वर्षांपासून आमचं एक लहानसं घर आहे. माझं उत्तर ठरलेलं: घर जरूर घ्या, पण तिथल्या शेजाऱ्याला तुमचा काय उपयोग, हे आधी स्वतःला विचारा.

आपण गोंयकार हा प्रश्न दुसऱ्यांना विचारतोच की! आसगाव, शिवोलीत दिल्ली-मुंबईवाल्यांनी जुनी घरं घेतली. कितीतरी जण वर्षातून पंधरा दिवस येतात, बाकी वेळ गेटला कुलूप. आपण त्यांना 'भायले' म्हणतो, पोटतिडकीने बोलतो. मग तिकडे आपण कोण? भायलेच ना?

तिथली खेडी आपल्याला ओळखीची वाटतात, हे खरं. सकाळी पाववाल्याची व्हॅन हॉर्न वाजवत येते, अगदी आपल्या पोदेरासारखी. पाव, बटाटा, कोबी, चावी हे शब्द तिकडूनच आपल्याकडे आले. तरुण माणसं लिस्बन, फ्रान्स, स्वित्झर्लंडला गेलेली. आपले चाकरमानी चवथीला येतात, तशी ती ऑगस्टात गावच्या फेस्ताला परततात. सप्टेंबर उजाडला की मागे उरतात म्हातारी माणसं. आमच्या वाड्यावर बारा घरं, त्यातली पाचच उघडी.

पण ओळखीचं वाटणं म्हणजे मैत्री नव्हे. तिथे मैत्रीची पहिली अट आहे रान साफ ठेवणं. जून २०१७ मध्ये पेद्रोगांव ग्रांद भागातल्या वणव्यात ६६ माणसं गेली. गावं ओस पडतात, शेतं पडीक राहतात, त्यात झुडपं माजतात आणि बाजूला निलगिरी नि पाइनची झाडं. एक ठिणगी पुरते. म्हणून रानालगतच्या घराभोवती ५० मीटरपर्यंतचा झाडोरा दर उन्हाळ्यापूर्वी साफ करणं कायद्यानेच सक्तीचं आहे, मालक कुठेही राहत असो. तुम्ही कुलूप लावून गेलात, तर तुमचं वाळलेलं गवत शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजीचं घर पेटवू शकतं. तुमचं गोड बोलणं तिला काय कामाचं?

आम्ही दर एप्रिलात सुट्टी काढून जातो ती यासाठीच. गवत कापायचं मशीन बाहेर काढलं की आमचे हे आजीच्या बाजूचंही उरकून टाकतात. दाराशी अंडी, कोबीची पानं ठेवलेली दिसायला लागली ती त्यानंतर. नोव्हेंबरात ऑलिव्ह झाडायला गेलो, खाली अंथरलेली जाळी ओढली, तर घाण्यावरून आलेल्या तेलाचा एक कॅन आमच्याही वाट्याला आला. माझं पोर्तुगीज अजून मोडकंतोडकंच आहे, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

काहीजण म्हणतात, "आमच्या पैशाने पडकं घर उभं राहिलं, गवंड्याला काम मिळालं, हे पुरे नाही का?" चांगलंच आहे ते. पण गवंड्याचं काम एकदाच, शेजार रोजचा. दरवर्षी जाणं जमत नसेल, तर गावातल्याच माणसाला पैसे देऊन रान साफ करून घ्या, आणि त्याचं नाव-नंबर शेजाऱ्यांकडे ठेवा. एवढंही जमणार नसेल, तर हॉटेलात राहा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हाच नियम आपल्या गावातही लागू करा. मुंबईला, लंडनला गेलेल्या आपल्याच लोकांची किती वडिलार्जित घरं बंद आहेत! भाटात रान माजलंय, माडाची झावळं शेजाऱ्याच्या कौलांवर पडतायत, आणि तक्रार करायला मालक सापडत नाही. भायल्यांना बोल लावण्याआधी त्या कौलांचं बघूया.