पुली म्हणजे पायपुसणं नव्हे



आज पिकाचं नाही, कुत्र्याचं लिहितो. माझा भाचा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. परवा त्यानं मोबाईलवर एक फोटो पाठवला. डोक्यापासून जमिनीपर्यंत काळ्या जटा, तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं पत्ता लागत नाही. खाली लिहिलेलं, "मामा, हे घ्यायचं ठरवलंय. कसलं भारी दिसतंय!" चार दिवस मी वाचलं, व्हिडिओ बघितले. माझं मत पक्कं झालं, ते मांडतो.

या कुत्र्याचं नाव पुली. मुलूख हंगेरी. तिथल्या मोठ्या सपाट माळरानाला पुस्ता म्हणतात, तिथं मेंढपाळाबरोबर राबलेलं हे कुत्रं. नराची उंची 39 ते 45 सेंटीमीटर, वजन 13 ते 15 किलो. म्हणजे केसांनी थोराड दिसतं, आत अंग आटोपशीर. फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गनं 2011 साली पांढरं पुली पाळलं आणि त्याचे फोटो जगभर फिरले. तेव्हापासून लोकांना हे कुत्रं म्हणजे फरशी पुसायचं मॉप वाटतंय. इथंच माझं भांडण आहे.

त्या जटा शोभेच्या नाहीत. वरचे केस राठ, आतली लोकर मऊ, दोन्ही एकमेकांत गुंततात आणि जट बनते. पिल्लू जटा घेऊन जन्मत नाही. त्या जमिनीला टेकायला काही वर्षं जातात. उघड्या माळावर थंडी, वारा, पाऊस अंगावर घ्यायचा, त्यासाठी ही घोंगडी. मेंढपाळ मेंढरं कातरताना कुत्रंही कातरायचे. प्रदर्शनवाल्यांनी मात्र जटा जितक्या लांब तितकं कुत्रं भारी असं करून ठेवलं. फ्लॅटमध्ये काय होणार? जटा हातानं सुट्या कराव्या लागतात, नाहीतर सगळ्याचा एकच गोळा होतो. आंघोळ घातली की वाळायला दिवस जातो, ओल राहिली तर वास मारतो.

आता स्वभाव. हंगेरीत कामाची वाटणी होती. कोमोंडोर हे मोठं पांढरं कुत्रं राखणीला, चोरावर आणि लांडग्यावर. पुली कळप वळवायला, दिवसभर पळायला आणि भुंकायला. त्याची अक्कल तल्लख, कान सावध, परक्या माणसावर संशय, घरच्यांवर जीव. हलतंय ते वळवायचं हे त्याच्या रक्तात आहे. मेंढरं नसतील तर ते सायकल वळवेल, जिन्यातली पोरं वळवेल. मग सोसायटीवाले तक्रार करणार आणि शिव्या कुत्र्याला बसणार. चूक कुणाची?

विकणारे सांगतात, हजारो वर्षांची शुद्ध जात. मग्यार लोक नवव्या शतकाच्या शेवटी त्या मुलखात आले आणि त्यांच्याबरोबर या कुत्र्याचे पूर्वज आले असं मानतात. तेवढं ठीक. पण मेंढपाळाकडं कागद नव्हता. ज्याला कळप कळला ते कुत्रं ठेवायचं, त्याची पिल्लं वाढवायची, एवढीच त्याची परीक्षा. कागद आला विसाव्या शतकात. एमिल राइत्सित्स नावाच्या प्राध्यापकानं 1912 च्या सुमारास ही जात सावरायचं काम हाती घेतलं आणि 1924 साली तिच्या लक्षणांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पुमी आणि मुडी हे तिचे भाऊबंद वेगळ्या जाती म्हणून नोंदले गेले तेही त्याच शतकात. म्हणजे जात कामानं घडली, कागद मागून आला.

कुणी म्हणेल, मेंढपाळ कमी झाले, मग हौशी लोकांनी पाळलं नाही तर जात टिकणार कशी? मुद्दा खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात ही कुत्री फार कमी झाली, पाळणाऱ्यांनीच पुन्हा वाढवली. त्यांना माझा नमस्कार. पण जात टिकवायची म्हणजे केस टिकवायचे नव्हेत. पळायला जागा, रोज काम, डोक्याला खुराक हे दिलं तर पुली टिकलं. नाहीतर नुसतं कातडं टिकलं.

आमच्या रानात दरवर्षी मेंढरं बसतात. धनगराच्या कुत्र्याचा फोटो कुणी काढत नाही. पण रात्री ते जागं असतं म्हणून मालक झोपतो. हंगेरीतला मेंढपाळही पुलीकडं याच नजरेनं बघत असणार.

भाच्याला मी एकच अट घातली. घे, पण आधी त्याच्या जटा कातरून टाक. कातरल्यावरही ते तुला हवंसं वाटलं आणि रोज दोन तास त्याच्यामागं पळायची तयारी असली तर ते तुझं. अजून त्याचा फोन नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू.