अवघड तेवढे चांगले?



कोड्यांचा व्हिडिओ गेम जितका अवघड तितका उत्तम, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटण्याजोगे नाही. अवघडपणा वाढवणे सोपे असते. चार दारे आणि आठ किल्ल्या वाढवल्या की झाले.

फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा २०१९ मधला ‘बाबा इज यू’ पाहावा. खोकी ढकलण्याची कल्पना १९८२ च्या जपानी ‘सोकोबान’मधली, पण इथे ढकलायचे असतात ते खेळाचे नियमच. ‘वॉल’, ‘इज’, ‘स्टॉप’ असे शब्दांचे ठोकळे पटावर मांडलेले असतात. त्यांतला एक सरकवला की भिंत अडवेनाशी होते! तो क्षण फार सुंदर आहे. चूक झाली तर एकेक चाल हवी तितकी मागे घेता येते, म्हणून खेळणारा बिनधास्त प्रयोग करतो.

लुकास पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील साठ जणांचे काय झाले, हे शोधायचे असते. उत्तरे बरोबर असल्याचे कळते ते तीन जणांचे जुळल्यावरच. अंदाजपंचे फारसे चालत नाही.

‘बाबा’च्या पुढच्या पातळ्या कमालीच्या कठीण आहेत, हे पत्रलेखकाचे निरीक्षण खरेच. पण खेळणारा तिथे अडतो तो डोळ्यांसमोरच्या चार शब्दांपाशी, कुठे दडवलेल्या किल्लीपाशी नव्हे.

– एक नियमित वाचक